एम-१ गॅरंड: रिसीव्हरवरचं नाव नंतर वाचा, आधी बॅरल मोजा

अमेरिकेत सरप्लस लष्करी सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायची ठरवली, तर एम-१ गॅरंडला आजही तोड नाही. पण बाजारात गॅरंडची किंमत ज्या गोष्टींवर ठरते, त्यांचा आणि तिच्या नेमाचा फारसा संबंध नाही. रिसीव्हरवर, म्हणजे रायफलीच्या मधल्या पोलादी सांगाड्यावर, विंचेस्टर या कारखान्याचं नाव कोरलंय म्हणून लोक शेकडो डॉलर जास्त मोजतात आणि घरी येते ती मझल (नळीचं पुढचं तोंड) झिजलेली रायफल. हा रिव्ह्यू रेंजवर वापरायला रायफल घेणाऱ्यांसाठी आहे. कपाटात लावायला घेणाऱ्यांचा हिशेब वेगळा, आणि तो त्यांना लखलाभ.

जॉन गॅरंड यांची ही रचना अमेरिकी सैन्याने १९३६ मध्ये स्वीकारली. .३०-०६ काडतूस, आठ काडतुसांची क्लिप (काडतुसं एकत्र धरणारी पट्टी, ती त्यांच्यासकट आत जाते), २४ इंची बॅरल (नळी), वजन साधारण साडेनऊ पौंड, म्हणजे ४.३ किलो. एकूण उत्पादन ५० लाखांच्या वर. दुसऱ्या महायुद्धात स्प्रिंगफील्ड आर्मरी आणि विंचेस्टर, १९५० च्या दशकात स्प्रिंगफील्डच्या जोडीला इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि हॅरिंग्टन अँड रिचर्डसन. युद्धानंतर यातल्या बहुतेक रायफली सरकारी कारखान्यांत पूर्ण खोलल्या गेल्या आणि हाताला लागेल तो चांगला भाग बसवून पुन्हा जोडल्या गेल्या. त्यामुळे स्प्रिंगफील्डचं रिसीव्हर, विंचेस्टरचा बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा भाग) आणि १९६५ चं बॅरल असं कडबोळं दिसलं तर बिचकू नका, तेच नेहमीचं आहे. उलट सगळे भाग एकाच कारखान्याचे निघाले, तर ते मागाहून कोणीतरी जुळवून बसवल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

कुठून घ्यायची

सरळ मार्ग एकच: सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम, म्हणजे सीएमपी. सैन्याकडून परत आलेल्या, शिवाय डेन्मार्क आणि ग्रीसला दिलेल्या आणि तिथून माघारी आलेल्या रायफली हीच संस्था विकते. अटी स्पष्ट आहेत. अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डवर भागत नाही. सीएमपीशी संलग्न एखाद्या क्लबचं सदस्यत्व लागतं. नेमबाजीचा किंवा शस्त्रहाताळणीच्या प्रशिक्षणाचा पुरावा लागतो, साठीच्या पुढच्यांना त्यातून सूट आहे. पार्श्वभूमी तपासणी होतेच. बहुतेक राज्यांत रायफल थेट घरी येते, काही राज्यांत परवानाधारक विक्रेत्यामार्फत घ्यावी लागते. किमती मधूनमधून वाढतात, म्हणून फॉर्म भरण्याच्या दिवशीचाच भाव खरा धरा.

ग्रेडबद्दल, म्हणजे सीएमपी रायफलींना जे दर्जे लावते त्यांबद्दल, आमचं मत असं. सर्व्हिस ग्रेड घ्या. रॅक ग्रेड स्वस्त दिसते, पण बॅरल आणि दस्ता बदलायची वेळ आली की वाचलेले पैसे तिथेच जातात, वर गनस्मिथची मजुरी. एक्स्पर्ट ग्रेडमध्ये जुन्या रिसीव्हरवर क्रायटेरियन कंपनीचं नवं बॅरल आणि अक्रोडाचा नवा दस्ता मिळतो. जुनेपणाचा मोह नसेल आणि फक्त टार्गेट दिसत असेल, तर ती डोळे झाकून घ्यावी. अलाबामातल्या सीएमपीच्या दुकानात जाऊन रॅकवरून स्वतः निवडता आली तर फारच उत्तम, कारण एकाच ग्रेडच्या दोन रायफलींतही जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

खासगी विक्रेत्याकडून घेताना दोन प्रकार टाळा. एक, रीवेल्ड: निकाली काढताना कापलेली रिसीव्हर जोडून, वेल्ड करून विकलेली. रिसीव्हरच्या मधोमध पोत बदललेला, घासल्याच्या खुणा, आतल्या खाचांच्या कडा सरळ नसणं, अशी लक्षणं दिसली की रायफल खाली ठेवा. दोन, कवायतीची रायफल: वेल्ड करून निकामी केलेली आणि पुन्हा 'चालू' केलेली. वेल्डच्या आचेने रिसीव्हरचं पोलाद मऊ पडलं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही.

हातात घेतल्यावर काय बघायचं

क्लिप बाहेर, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामं, हे स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटाने तपासून झाल्यावर पहिलं काम बॅरलचं. गॅरंडची नळी मागून रॉडने साफ करता येत नाही, तो पुढूनच घालावा लागतो. पिढ्यान् पिढ्यांच्या सैनिकांनी पोलादी रॉड पुढून घासल्यामुळे बरीच बॅरल्स गोळ्यांनी नव्हे, तर साफसफाईने मेलेली असतात. झीज मोजणाऱ्या मझल गेजवर ३ पर्यंतचं आणि थ्रोट (चेंबरच्या लगेच पुढचा नळीचा भाग) गेजवर ५ पर्यंतचं वाचन असेल तर निश्चिंत व्हा. दोन्हींत ताणायचंच झालं तर थ्रोटचा आकडा ताणा, मझलचा नको. गेज हाताशी नसेल, तर बिनदारूचं, बिनप्रायमरचं (प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) डमी काडतूस उलटं धरून गोळीचं टोक मझलमध्ये घाला. गोळीचा थोडा भाग बाहेर राहिला पाहिजे. केसची, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीची, कड थेट मझलला टेकली, तर नळी संपली.

दुसरं काम गॅस सिलिंडरचं (नळीच्या पुढच्या टोकाला बसलेलं नळकांडं, यात फायरचा गॅस पिस्टन मागे ढकलतो), आणि इथे बहुतेकांची नजर चुकते. गॅरंडची फ्रंट साइट बॅरलवर बसलेली नसते, ती गॅस सिलिंडरवर असते. म्हणजे सिलिंडर बॅरलच्या खाचांवर जरा जरी हलला, तर साइटच हलते. मग बॅरल नवंकोरं असलं तरी ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा घोळका, पसरणारच. सिलिंडर मुठीत धरून डावी-उजवीकडे पिळून पाहा. हालचाल जाणवली तर आधी सिलिंडरला पुढून धरणारं लॉक आणि लॉक स्क्रू तपासा. लॉक हाताने शेवटपर्यंत फिरवायचं आणि सिलिंडरशी सरळ रेषेत येत नसेल तर मागे फिरवून जुळवायचं, पुढे रेटून नाही. त्यानंतर स्क्रू घट्ट. तरीही हलत असेल तर बॅरलवरच्या खाचांच्या कडा ठोकून घट्ट करून घ्याव्या लागतात. काम छोटं असलं तरी ते गनस्मिथकडे सोपवा. फ्रंट साइटचा स्क्रूही याच वेळी आवळून घ्या.

गॅस गळतीचं मोजमाप सोपं आहे. बोल्ट मागे-पुढे नेणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे ऑपरेटिंग रॉडच्या (ऑप रॉड), पुढच्या टोकाला पिस्टन असतो. नव्याचा व्यास ०.५२६ इंच, ०.५२५ च्या खाली गेला की बदलायचा. सिलिंडरचा आतला व्यास ०.५३२ च्या वर नको. या दोन आकड्यांपलीकडे गेलेल्या रायफली चालतात, पण अर्धवट: रिकामी केस बाहेर पडते आणि पुढचं काडतूस चढत नाही.

ऑप रॉड तुम्हाला वाकडा दिसेल. तो मुद्दामच तसा वळवलेला असतो, सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका. युद्धकाळातल्या रॉडमध्ये हँडल आणि नळी जिथे मिळतात त्या काटकोनात तडे जायचे, म्हणून पुढे तो कोपरा गोल कापण्यात आला. न कापलेला रॉड संग्राहक महाग घेतात. नेमबाजाला तो नकोच. तुमच्या रायफलीत तसा असेल तर विका आणि कापलेला घ्या, वर पैसे उरतील.

रॉड कुठे अडकतो का, हे टिल्ट टेस्टने कळतं. ऑप रॉड स्प्रिंग काढा, रॉड आणि बोल्ट जागेवर ठेवा आणि रायफलीचं तोंड वर करा. रॉड स्वतःच्या वजनाने मागे घसरला पाहिजे. तोंड खाली केलं की पुढे जाऊन बोल्ट लॉक झाला पाहिजे. अडखळला तर दस्ता, हँडगार्ड किंवा बॅरलच्या खालच्या बाजूला घासल्याची चकाकी शोधा, कारण तिथेच सापडतं. काढलेली स्प्रिंग हातात आहे तोवर मोजून घ्या. नवी साडेएकोणीस ते सव्वावीस इंच असते. १९ च्या खाली गेलेली फेकून द्या, नवी फार महाग नसते.

आता लाकूड. ट्रिगर गार्ड बंद करताना शेवटच्या पाव ते ३/८ इंचात चांगला जोर लागला पाहिजे. गार्ड सुळकन बंद झाला, तर दस्ता दबलेला आहे आणि रिसीव्हर प्रत्येक फायरला लाकडात सरकणार. डाग, ओरखडे, कोरलेली अक्षरं याने काही बिघडत नाही. हा जोर मात्र हवाच. म्हणूनच रायफल उठसूट खोलू नका. प्रत्येक वेळी अ‍ॅक्शन (रिसीव्हर आणि बॅरल) दस्त्यातून निघाली की लाकूड थोडं थोडं दबत जातं.

मागची साइट या रायफलीचं खरं वैभव. डावीकडचा नॉब उंचीचा, उजवीकडचा वाऱ्याचा, एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच. तपासणी अशी: तळापासून आठ-दहा क्लिक वर या आणि अंगठ्याने अ‍ॅपर्चर (साइटचं बघायचं भोक) जोरात खाली दाबा. सरकलं, तर फायर करतानाही सरकणार आणि गोळ्या एकामागून एक खाली लागत जाणार. नवखे अशा वेळी स्वतःच्या श्वासाला दोष देत बसतात. आधी उंचीच्या नॉबचा मधला स्क्रू आणि वाऱ्याच्या नॉबचं टोकाचं नट आवळून पाहा. तेवढ्याने थांबलं नाही तर झिजलेले दाते बदलावे लागतील.

काय खायला घालायचं

गॅरंडचा गॅसचा हिशेब एम-२ बॉल या लष्करी काडतुसाभोवती बांधलेला आहे: सुमारे १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी, वेग सेकंदाला २,७०० फुटांच्या थोडा वर. दुकानात मिळणारं शिकारीचं .३०-०६ त्याच चेंबरमध्ये बसतं, फायरही होतं. अडचण पुढे आहे. जड गोळी आणि सावकाश जळणारी पावडर यांमुळे गोळी मझलजवळच्या गॅस पोर्टपाशी (नळीतून गॅस बाहेर घेणारं छिद्र) पोचते तेव्हाही नळीतला दाब चढलेलाच असतो. तो दाब पिस्टनवर येतो, रॉड ठरल्यापेक्षा जास्त वेगाने मागे आदळतो आणि वाकतो. एका फायरला काही होणार नाही, म्हणून लोकांना वाटतं 'चालतंय की'. सीएमपीची स्वतःची सूचना आहे की ५०,००० सीयूपीच्या (दाबाचं एकक) वरचा दाब आणि १७२-१७४ ग्रेनच्या वरची गोळी वापरू नये. ती मर्यादा समजा, लक्ष्य नव्हे.

डब्यावर गॅरंडसाठी असल्याचं लिहिलेली काडतुसं घ्या. फेडरलची अमेरिकन ईगल १५० ग्रेन सरावाला पुरते, हॉर्नडीची १६८ ग्रेन मॅचला. हाताने काडतुसं भरणाऱ्यांसाठी आयएमआर ४८९५ आणि ४०६४ या पावडरी या रायफलीच्या जुन्या सोबती. चार्ज (पावडरचं माप) मात्र मॅन्युअलमधल्या गॅरंडच्या वेगळ्या तक्त्यातूनच घ्यायचा, सर्वसाधारण .३०-०६ च्या तक्त्यातून नाही. गॅस सोडणारे अ‍ॅडजस्टेबल लॉक स्क्रू मिळतात आणि ते कामही करतात. पण ते बसवून वाटेल ते काडतूस घालायचा परवाना मिळतो, असं समजू नये.

भरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. गॅरंडची फायरिंग पिन स्प्रिंगवर नसते, मोकळी असते. बोल्ट बंद होताना तिचं टोक प्रायमरला हलकेच शिवतं. लष्करी प्रायमर कडक असल्यामुळे काही होत नाही. मऊ किंवा वर राहिलेल्या प्रायमरने मात्र ट्रिगर न दाबताच काडतूस फुटू शकतं, आणि बोल्ट पुरता लॉक झालेला नसेल तर रिसीव्हरचं टवकं उडतं. म्हणून सीसीआय ३४ सारखे कडक प्रायमर वापरा आणि प्रत्येक प्रायमर केसच्या पातळीच्या किंचित खाली बसलाय हे बोट फिरवून बघा. चेंबरमध्ये सुटं काडतूस टाकून त्यावर बोल्ट सोडायची सवय असेल तर आजच मोडा. एकेक काडतूस चालवायचं असेल तर एसएलईडी नावाची एका काडतुसाची क्लिप मिळते. त्यातून काडतूस ओढून नेताना बोल्टचा वेग बराच कमी होतो.

जुनी लष्करी काडतुसं स्वस्तात दिसली की हेडस्टॅम्प, म्हणजे काडतुसाच्या बुडावरचा छाप, बघा. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी आणि केए छापाची कोरियन काडतुसं करोझिव्ह प्रायमरची असतात. ग्रीसची एचएक्सपी तशी नाहीत. करोझिव्ह प्रायमर जळल्यावर नळीत क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि एका दमट रात्रीत गंज चढतो. तेलाने तो निघत नाही, पाण्याने विरघळतो. त्या दिवशी नळी, गॅस सिलिंडर, पिस्टन आणि बोल्टचा चेहरा गरम पाण्याने धुवायचा, कोरडा करायचा आणि मगच तेल.

क्लिप आणि अंगठा

भरलेली क्लिप वरून, वरचं काडतूस उजवीकडे येईल अशी धरा. उजव्या तळहाताची कड ऑप रॉडच्या हँडलला टेकवून ठेवा आणि अंगठ्याने क्लिप सरळ खाली दाबा. 'कट' असं जाणवलं की अंगठा आधी काढा, हात नंतर. बोल्ट कधी स्वतःहून पुढे जातो, कधी नाही. नाही गेला तर हँडलला तळहाताने एक ठोसा द्या.

अंगठा चेचला जातो तो सहसा इथे नाही. तो जातो रिकामी रायफल दाखवताना किंवा साफ करताना. रॉड अर्धवट मागे ओढला की बोल्ट फॉलोअरवर (क्लिपमधली काडतुसं वर ढकलणारी पट्टी) टेकून थांबतो आणि पुरता अडकल्यासारखा दिसतो. बोटाने फॉलोअरला जरासं शिवलं की तो सुटतो. त्यामुळे रॉड नेहमी शेवटपर्यंत ओढा, आणि आत बोट घालायचं तर दुसऱ्या हाताने हँडल धरूनच.

अर्धी क्लिप बाहेर काढायची तर हँडल मागे धरून डावीकडचं क्लिप लॅच दाबा. उरलेल्या काडतुसांसकट क्लिप वर उडते, वर हात धरला तर पसारा होत नाही. सेफ्टी ट्रिगर गार्डच्या पुढे आहे, मागे ढकलली की रायफल फायर होत नाही. बोट गार्डमध्ये घालावं लागतं ही या रचनेची खरी कमजोरी. आठव्या गोळीनंतर क्लिपच्या 'टिंग' आवाजावरून शत्रूला कळायचं ही दंतकथा मात्र सोडून द्या. लढाईच्या गोंगाटात तो आवाज ऐकू यायला शत्रू शेजारीच उभा हवा.

टार्गेटवर

ठीकठाक सर्व्हिस ग्रेड आणि बरं काडतूस, एवढ्यावर साधारण ३ मिनिटांचा (कोनाच्या मिनिटांचा, वेळेच्या नव्हे) ग्रुप मिळतो. २०० यार्डांवर हे ६ इंच झाले, आणि या अंतरावरच्या एसआर टार्गेटचं दहाचं (दहा गुणांचं) वर्तुळ ७ इंचांचं आहे. म्हणजे रायफल दहात बसते. नऊ लागला तर तो बहुतेक वेळा तुमचा. त्यामुळे या रायफलीवर महागडं मॅच बॅरल चढवण्याआधी चामडी एम-१९०७ स्लिंग (रायफल हाताशी घट्ट धरणारा पट्टा) नीट बांधायला शिकणं जास्त फायद्याचं.

सीएमपीच्या गॅरंड मॅचमध्ये झोपून सावकाश, झोपून ८० सेकंदांत दहा आणि उभं राहून सावकाश असे टप्पे असतात. जलद टप्प्यात आधी दोन, मग आठ काडतुसांची क्लिप लागते. दोनची क्लिप भरायचा सराव घरी डमी काडतुसांवर करा, ती आठपेक्षा जास्त त्रास देते. ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो आणि किमान साडेचार पौंड हवा. कारखान्यातून आलेला ट्रिगर सहसा त्याहून जडच असतो, तो घासून हलका करण्याचा उद्योग करू नका.

देखभाल

गॅरंड तेलावर नाही, ग्रीसवर चालते. बोल्टचे लग (बोल्ट लॉक करणारे उंचवटे), ऑप रॉडवरची बोल्ट फिरवणारी खाच, रॉड सरकतो ती रिसीव्हरची चर आणि बॅरलची खालची बाजू, एवढ्या ठिकाणी पातळ थर पुरे. तेल पावसात धुऊन जायचं म्हणून सैन्यानेच पुढे ग्रीस द्यायला सुरुवात केली. पिस्टन आणि गॅस सिलिंडर मात्र पूर्ण कोरडे ठेवायचे. तिथे लावलेलं तेल भाजून काजळीचा दगड होतो.

नळी साफ करताना रायफल उलटी, साइट खाली, म्हणजे सॉल्व्हंट गॅस पोर्टमधून झिरपत नाही. मझल गाइडशिवाय रॉड घालू नका. लवचीक केबल असेल तर आणखी बरं, कारण ती चेंबरकडून ओढता येते. स्टेनलेस सिलिंडरचा काळा रंग उडून चांदीसारखा दिसायला लागला तर पॉलिश पेपर लावू नका, तो असाच उडतो.

बिघाडाचा शोध घेताना नेहमी स्वस्तातल्या भागापासून सुरुवात करा. सातवं काडतूस अडकत असेल तर पहिल्यांदा क्लिप बदला. नव्या बनावटीच्या काही क्लिपांत ताण नसतो, जुन्या लष्करी क्लिपा बऱ्या. त्यानंतर फॉलोअर आणि बुलेट गाइडची झीज. काडतुसं शिल्लक असतानाच क्लिप उडत असेल तर क्लिप लॅच. केस बाहेर पडते पण नवं काडतूस चढत नाही, तर सैल लॉक स्क्रू, मग काडतूस, मग पिस्टनचा आकडा. ऑप रॉड फायरच्या वेळी चरीतून बाहेर उडत असेल, तर रॉडची कड झिजली आहे. तिथे थांबायचं, रॉड बदलेपर्यंत एकही फायर नाही.

सुट्या भागांत ऑप रॉड स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर, इजेक्टर आणि त्याची स्प्रिंग, फायरिंग पिन आणि डझनभर क्लिपा एवढं डब्यात असावं. लॉक स्क्रू जुन्या पद्धतीचा, एका खाचेचा असेल तर रुंद पात्याचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो. नंतरच्या, आडव्या-उभ्या खाचेच्या स्क्रूला रायफलीचं कॉम्बिनेशन टूल बसतं. लहान पात्याने प्रयत्न केला तर खाच चिरडते आणि मग तो स्क्रू ड्रिलनेच काढावा लागतो.